कमी असलेल्या मालाची यादी

संपतराव नलवड्यांची आणि माझी ओळख पानिपतला जाणाऱ्या बसमध्ये झाली. २०१५ चा जानेवारी. दिल्लीतली मराठी मंडळी दर संक्रांतीला पानिपतच्या रणभूमीवर, काला अंबला जातात, त्यांतली ती एक बस. धुकं इतकं होतं की बस चालते आहे की उभी आहे तेच कळत नव्हतं. मागच्या बाकांवर घोषणा चालल्या होत्या, तिळगूळ फिरत होता. माझ्या शेजारी एक चाळिशी उलटलेला माणूस मांडीवर डबा घेऊन ताठ बसला होता. मुरथलच्या ढाब्यावर चहा झाला, बस निघाली, तसा तो उठला, मागे वळून बघितलं आणि म्हणाला, "बेचाळीस."

"काय बेचाळीस?"

"निघताना त्रेचाळीस होते. एक माणूस कमी आहे."

बस थांबवली. मंडळाचे खजिनदार ढाब्यावरच राहिले होते. ते धावत, धापा टाकत आले, आणि सगळी बस हसली. हा माणूस हसला नाही. पुन्हा बसताना मला जरा ओशाळून म्हणाला, "सवय आहे हो. चोवीस वर्षं स्टोअर सांभाळलंय."

संपतराव मूळचे गडहिंग्लजकडचे. एकोणिसाव्या वर्षी पलटणीत भरती झाले, पण बंदुकीपेक्षा त्यांचा हात वहीवर चांगला बसला. पलटणीच्या भांडारात ते हवालदार झाले. तंबू, घोंगड्या, जर्मनचे टोप, बॅटऱ्या, दोरखंड. त्या महिन्याच्या एकतीस तारखेला ते निवृत्त होणार होते.

"मग गावी जाणार?"

"गावी भाऊ आहे. भावाचं घर आहे." एवढंच म्हणाले. मग, खिडकीतल्या धुक्याच्या पांढऱ्या भिंतीकडे बघत, "एक ठरवलंय साहेब. गेटवर उभं राहायचं नाही."

दिल्लीत निवृत्त शिपायाचं काय होतं ते मी रोज बघत होतो. बँकेचं दार, मॉलचं दार, सोसायटीचं दार. कंपन्या त्याला दुसऱ्या कुणाचा तरी बिल्ला लावलेला गणवेश देतात आणि तो पुन्हा सलाम करू लागतो, ज्यांना करायचं काही कारण नसतं त्यांना.

"मला कूलिंग प्लांटवर काम करायचंय," संपतराव म्हणाले. जोधपूरला असताना त्यांच्या ताब्यात मटणाची शीतखोली होती. बाहेर सेहेचाळीस डिग्री आणि आत शून्य. मशीन बंद पडलं की एक म्हातारा मिस्त्री यायचा, मशीनला कान लावायचा आणि कुठे दुखतं ते सांगायचा. संपतराव त्याच्या मागे कंदील धरून उभे राहायचे. "चोवीस वर्षं सामान मोजलं मी. एकही वस्तू स्वतः चालू केली नाही."

मग मी त्यांना आमच्या योजनेबद्दल सांगितलं. ते सांगायला नको होतं असं मी म्हणणार नाही. दुसरं कुणी सांगितलं असतं.

मी तेव्हा एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर होतो आणि ती योजना आमच्या विभागात होती. शिक्षण अर्धवट सुटलेल्या, वय झालेल्या माणसांना साध्या कॉलेजातच एखादा धंदा वर्षभरात शिकवायचा. वयाची अट नाही, फी नाही, शेवटी विद्यापीठाचा डिप्लोमा. कॉलेजला अनुदान सरकार देणार, दोन हप्त्यांत. पहिला सुरुवातीला, दुसरा पाहणी झाल्यावर. अशा कॉलेजांना कम्युनिटी कॉलेज म्हणत. योजना चांगली होती. कागदावर वाईट असलेली योजना मी नोकरीत पाहिलेली नाही.

"फौजी चालतो?" त्यांनी विचारलं.

"कुणीही चालतो."

"बिल्कुल?" त्यांनी वहीचा कागद काढून कॉलेजचं नाव लिहून घेतलं. मग डबा उघडून मला त्यांच्या बायकोच्या, शेवंताबाईंच्या हातची गुळाची पोळी दिली.

जुलैत त्यांनी प्रवेश घेतला. एसी आणि फ्रिज दुरुस्तीचा वर्ग, चाळीस जागा, हजर सव्वीस. कँटोन्मेंटमधलं क्वार्टर सोडून ते बायको आणि अकरावीतली मुलगी मीनाक्षी यांना घेऊन सागरपूरला दोन खोल्यांत राहायला आले होते. पेन्शनीत खोल्या आणि शाळा कशीबशी बसत होती. पण मुद्दा तेवढा नव्हता. त्यांच्या पलटणीतले एक निवृत्त कॅप्टन गुडगावच्या एका मोठ्या काचेच्या इमारतीत इस्टेट मॅनेजर होते. त्यांनी शब्द दिला होता: पुढच्या जुलैपर्यंत डिप्लोमा आण, तुला प्लांट रूममध्ये घेतो. डिप्लोमा नसेल तर कंपनी मला तुझ्यासाठी गेटचीच जागा देऊ देईल.

संपतरावांच्या त्या वर्षाला एवढंच एक टोक होतं. जुलै आणि तो कागद.

वर्ग विजयालक्ष्मी मॅडमकडे होता. त्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत. मूळच्या तमिळ, जन्म दिल्लीचा, केस लवकर पांढरे झालेले. हे जास्तीचं काम त्यांनी मागून घेतलं होतं. मी त्यांना फायलींवरून ओळखत होतो. त्यांच्या पत्रांत कधी चूक नसायची. कॉलेजच्या मागच्या अंगाला, सायकल स्टँडच्या पुढे, त्यांना दोन खोल्या मिळाल्या होत्या. तिथे एक जुना विंडो एसी होता आणि आतली रचना दिसावी म्हणून मधोमध कापलेला एक कॉम्प्रेसर. बाकी काही नव्हतं.

ते का नव्हतं, ते सांगायला हवं. पहिला हप्ता कॉलेजच्या खात्यात जमा झाला तो प्रवेशांच्या आधीच्या वीस मार्चला. एकतीस मार्चला सरकारचं वर्ष संपतं आणि न खर्चलेले पैसे परत जातात. अकरा दिवसांत निविदा काढून व्हॅक्यूम पंप घेता येत नाही, खुर्च्या घेता येतात. कॉलेजनं चाळीस खुर्च्या घेतल्या, प्रोजेक्टर घेतला, खोल्यांना रंग काढला. मग खर्चाचा दाखला भरायचा असतो. त्यावर एक वाक्य आधीच छापलेलं असतं: 'मंजूर यादीप्रमाणे साधनसामग्री खरेदी केली आहे.' ते वाक्य खोडता येत नाही. खोडलं तर दाखला परत येतो. मॅडमनी त्याखाली सही केली. त्या मार्चमध्ये अशा सह्या कितीतरी कॉलेजांत झाल्या असतील. आम्हाला ते ठाऊक होतं. दुसरा हप्ता वेळेवर आला की खरं सामान घ्यायचं, असा सगळ्यांचा मनातल्या मनात करार होता. तो लिहिलेला नव्हता, म्हणून तो चालत होता.

शिकणाऱ्यांना हे कुणी सांगितलं नव्हतं. त्यांना सांगायचं असतं, हे कुणाला सुचलंही नसेल.

तोवर ते चित्रं काढत. आठवड्यातून तीनदा एक शिक्षक यायचे, फळ्यावर आकृती काढायचे, सगळे ती वहीत उतरवायचे. संपतरावांची अक्षरं आणि रेघा सगळ्यांत सुबक. वर्गात रिक्षावाले होते, बंद पडलेल्या कारखान्यातले दोन फिटर होते, आणि बाई एकच, अरुणा. अरुणा पहाडगंजची, तिथल्याच मराठी शाळेत दहावीपर्यंत शिकलेली. तिच्या नवऱ्याचं फ्रिज दुरुस्तीचं दुकान होतं. नवरा गेला, दुकानाचं शटर खाली होतं. मोबाइलची कव्हरं विकणारा एक जण ते भाड्यानं मागत होता आणि ती त्याला वर्षभर थांब म्हणत होती.

ती संपतरावांना 'फौजी भाऊ' म्हणायची. "फौजी भाऊ, तुमची वही बघून कॉम्प्रेसर स्वतःच चालू होईल एक दिवस, यार."

"होईल, होईल. आधी सामान येऊ द्या."

"येईल की. तुमच्या पेन्शनीसारखं, हळूहळू."

फेब्रुवारीत पाहणी ठरली. दोन तज्ज्ञ आणि विभागाकडून मी. काम एका फॉर्मचं होतं. 'साधनसामग्री: पुरेशी / अपुरी.' आम्ही 'पुरेशी'वर खूण करणार, मार्चआधी हप्ता सुटणार, एप्रिलमध्ये पंप, गेज, गॅसच्या टाक्या येणार, मे-जूनमध्ये हातानं काम होणार, जुलैत परीक्षा. मॅडमनी मला फोनवर एवढंच म्हटलं होतं, "इस बार टाइम पर हो जाए बस." मी म्हटलं, होईल.

आम्ही पोचलो तेव्हा खुर्च्या दोरीत मांडल्यासारख्या रांगेत होत्या. संपतराव पलटणीचा टाय आणि निळा ब्लेझर घालून दाराशी उभे होते. मला बघून त्यांचा चेहरा उजळला. तज्ज्ञांनी कापलेला कॉम्प्रेसर बघितला, मान डोलावली, एकानं खुर्चीवर बसून बघितलं. चहा आला. ते दोघे मॅडमबरोबर प्राचार्यांच्या खोलीकडे निघाले, मी फाइल गोळा करायला मागे राहिलो. तेवढ्यात संपतराव पुढे आले. टाचा जुळल्या. हातात प्लास्टिकच्या पाकिटात घातलेला कागद.

"साहेब, डिफिशन्सी लिस्ट."

"कसली?"

"वर्गाची. सिलॅबसमध्ये लिहिलंय तेवढं ऑथोराइज्ड. हजर आहे तेवढं होल्डिंग. राहिलं ते डिफिशन्सी. सव्वीस जणांच्या सह्या घेतल्यात. तुम्ही सही मारली की मालाच्या मागणीचं इंडेंट लागेल."

मागून अरुणा म्हणाली, "मी सांगत होते, भाऊ, हे कॉलेज आहे, कँट नाही. पण ऐकतात कुठे?" वर्ग हसला. संपतरावही हसले.

कागद हिंदीत होता. तीन रकाने, पट्टीनं आखलेले. व्हॅक्यूम पंप: हवेत दोन, आहेत शून्य. गेज संच: हवेत दहा, आहेत शून्य. नळी कापायची कात्री, नळीचं तोंड पसरायचं हत्यार, गॅसची टाकी, गळती शोधायचं यंत्र. एकतीस ओळी. शेवटच्या रकान्यात खाली खाली उतरत गेलेले आकडे. आणि सगळ्यात खाली, 'संपतराव नलवडे, हवालदार (निवृत्त)'.

त्यांचं काय चुकलं, ते मी नंतर पुष्कळ वेळा शोधलं. पलटणीत पाहणीच्या दिवशी भांडारवाला हाच कागद टेबलावर ठेवतो. काय कमी आहे ते लपवणारा चोर; काय कमी आहे ते मांडणारा चांगला हवालदार. पाहणीला येणारा साहेब त्यावर सही करतो आणि सहा महिन्यांनी, वर्षानं, माल येतो. चोवीस वर्षांत त्यांची एकही यादी कुणी त्यांच्याविरुद्ध वापरली नव्हती. इथे समोर साहेब, तोही मराठी, ज्यानं बसमध्ये गुळाची पोळी खाल्लेली.

"मॅडमना दाखवलंत?" मी विचारलं.

"त्यांना कशाला त्रास? त्या काय कमी धावपळ करतात? डायरेक्ट इन्स्पेक्शनला दिलं की लवकर हलतं."

मी कागद घेतला. सही केली नाही. "बघतो," म्हटलं आणि तो फाइलच्या खिशात ठेवला.

गाडीत तो काढून घेता आला असता. ऑफिसात पोचल्यावरही. मी फाइल टेबलावर ठेवली आणि घरी गेलो. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मी एका बैठकीत होतो. परत आलो तेव्हा आमच्या सहायकानं फाइलमधल्या प्रत्येक कागदावर डायरी नंबर घातला होता, या कागदावरही. नंबर पडलेला कागद सरकारात मरत नाही. तो काढायला मी विसरलो, की विसरलो नाही, हे मला आजही सांगता येत नाही. नोकरीत एकोणतीस वर्षं कागद पुढे पाठवून माझा हात तसाच झाला होता.

उपसचिवांनी समासात लिहिलं: 'कॉलेजच्या दाखल्यानुसार साधनसामग्री खरेदी झाली आहे. प्रशिक्षणार्थींच्या लेखी निवेदनानुसार झालेली नाही. हप्ता रोखावा. खुलासा मागवावा.' त्यांचं काही चुकलं नव्हतं. मी पत्र टाइप करून घेतलं.

खुलासा आला, त्यावर शेरे पडले, दुसरा खुलासा मागवला गेला. एकतीस मार्च आला आणि गेला. त्या वर्षाचे पैसे त्या वर्षाबरोबर गेले.

या सगळ्या काळात संपतराव दर पंधरा दिवसांनी माझ्याकडे यायचे. खाली पास करून, ब्लेझर घालून.

"इंडेंट कुठवर आलं साहेब?"

"प्रोसेसमध्ये आहे."

"अच्छा." ते समाधानानं मान हलवत. "वेळ लागतोच. जोधपूरला वजनकाट्याला चौदा महिने लागले होते. तुम्ही टेन्शन घेऊ नका."

त्यांनी मला धीर द्यावा आणि मी तो घ्यावा, असं तीनदा झालं. तिसऱ्या वेळी त्यांनी मीनाक्षीचा निकाल सांगितला, पंच्याऐंशी टक्के, आणि एक पेढा कागदात बांधून टेबलावर ठेवला. मी तो खाल्ला.

एप्रिलमध्ये पगार न मिळाल्यानं शिक्षक यायचे बंद झाले. खोट्या दाखल्याबद्दल मॅडमना मेमो मिळाला आणि वर्ग त्यांच्याकडून काढून घेतला गेला. दुसरं कुणी नेमलं नाही. माणसं गळू लागली. संपतराव मात्र रोज जायचे. शिपायाकडून किल्ली घ्यायचे, खोली झाडायचे, खिडक्या उघडायचे, आणि अकरा ते दोन जुना विंडो एसी खोलून पुन्हा जोडायचे. माल कधीही येऊ शकतो, तेव्हा ताब्यात घ्यायला कुणीतरी हजर पाहिजे, असं त्यांचं म्हणणं होतं.

मे महिन्यात एक दिवस ते अरुणाला घेऊन आले. खरं तर अरुणा त्यांना घेऊन आली होती. मी दोघांना कँटीनमध्ये नेलं. पंखा गरम हवा ढवळत होता.

अरुणा चहाला हात न लावता म्हणाली, "सांगा ना साहेब. तुमच्या तोंडून ऐकल्याशिवाय हे मानणार नाहीत. मी सांगून सांगून थकले."

"काय सांगू?"

"माल येणार नाही, हे. आणि का येणार नाही, ते. मी मॅडमच्या घरी जाऊन आले. त्यांनी सगळं सांगितलं. रडल्या नाहीत, बरं का. चहा केला मला."

संपतराव माझ्याकडे बघत होते. पाहणीच्या दिवशी बघितलं होतं तसंच, चांगल्या बातमीची वाट बघितल्यासारखं. मी सांगितलं. हप्ता थांबला. प्रात्यक्षिकाचे तास भरले नाहीत म्हणून विद्यापीठ परीक्षा घेणार नाही. वर्ग स्थगित झाला आहे, आणि स्थगित म्हणजे बंद.

"पण कशानं?"

"त्या यादीमुळे."

त्यांना कळायला वेळ लागला. कळल्यावर चेहऱ्यावर काहीच बदललं नाही, फक्त मान किंचित पुढे आली.

"यादीत चूक होती?"

"नाही. यादी बरोबर होती."

"मग?"

"बरोबर होती, म्हणूनच."

त्यांनी टेबलावर दोन्ही हात पालथे ठेवले. मग विचारलं, "कागद पुढं कुणी पाठवला?"

"मी."

"हां." त्यांनी मान हलवली. "ते बरोबर आहे. हातात कागद आला की पाठवायलाच पाहिजे."

"वाह!" अरुणा एकदम मोठ्यानं म्हणाली. शेजारच्या टेबलावरचे लोक वळले. "दोघंही सेम. बरोबर आहे, बरोबर आहे. सगळं बरोबर आहे आणि माझं दुकान गेलं. परवा चावी दिली मी त्या कव्हरवाल्याला." मग खालच्या आवाजात, "सही मी पण केली होती, भाऊ. तुमच्या एकट्याचं नाही. हसत हसत केली होती."

संपतरावांनी माझ्याकडे कागद मागितला. मी खिशातल्या वहीतले दोन कोरे दिले.

"मी लिहून देतो," ते म्हणाले. "की माझी मोजणी चुकली. माल सगळा होता, मी दुसऱ्या खोलीत बघितलंच नाही. जबाबदारी माझी. मग मॅडमवरचं निघेल ना? परीक्षा होईल ना?"

"खोटं लिहिणार?" अरुणा म्हणाली. "तुम्ही?"

बिस्किटाचा पुडा पट्टीसारखा धरून त्यांनी रकाने आखले. आम्ही दोघं बघत बसलो. व्हॅक्यूम पंप: हवेत दोन, आहेत दोन. गेज संच: हवेत दहा, आहेत दहा. एकतीसही ओळी त्यांना पाठ होत्या. शेवटच्या रकान्यात ते शून्यं काढत गेले, एकाखाली एक, सगळी सारखी गोल. घाम कागदावर पडू नये म्हणून मधूनमधून कपाळ बाहीनं पुसत होते. खाली लिहिलं, 'माझ्या चुकीमुळे कुणाचे नुकसान होऊ नये ही विनंती.' मग सही. नुसतं 'संपतराव नलवडे'. हवालदार त्यांनी लिहिलं नाही. मी ते बघितलं, आणि मी बघितलं हे त्यांनी बघितलं.

तो कागद मी पुढे पाठवला. त्यालाही डायरी नंबर पडला. काही होणार नाही हे मला माहीत होतं. पण त्या दिवशी मी तेवढंच करू शकत होतो, आणि पूर्वीही मी तेवढंच केलं होतं. एकोणचाळीस दिवसांनी तो परत आला. समासात दोन शब्द होते: 'पाहिले. दप्तरदाखल.'

मॅडमची वेतनवाढ थांबली. दोन वर्षांनी त्यांनी मुदतीआधी निवृत्ती घेतल्याचं मला कळलं. पुढच्या वर्षी योजनेचं नाव बदललं, नियम नवे आले, दाखल्याचं छापील वाक्य तेच राहिलं. त्या खुर्च्या कॉलेजनं परीक्षा हॉलमध्ये हलवल्या.

मीनाक्षीची बारावी होईपर्यंत सागरपूरला राहायचं, आणि त्यासाठी पेन्शनीवर काहीतरी हवंच, असं शेवंताबाईंनी ठरवलं. त्यांच्या घरी मी एकदाच गेलो. त्या मला कडक बोलतील असं वाटलं होतं. त्यांनी जेवायला वाढलं आणि एवढंच म्हणाल्या, "भाऊजी, तुमच्या ऑफिसात हे जायचे ना, त्या दिवशी सकाळी बूट पॉलिश करायचे. आता कराया सांगावं लागतं."

गुडगावला मी गेलो तो डिसेंबरमध्ये, दुसऱ्याच कुठल्या कामासाठी. कॅप्टनसाहेबांनी शब्द पाळला होता, जेवढा पाळता येत होता तेवढा. संपतराव इमारतीच्या दुसऱ्या तळघरात होते, गाड्या जिथून आत येतात तिथे, पिवळ्या-काळ्या दांड्यापाशी. करडा गणवेश, खांद्यावर कंपनीचा बिल्ला. त्यांच्या पाठीमागे दहा पावलांवर लोखंडी दार होतं, आणि दारामागे प्लांट. तिथली घरघर जमिनीतून बुटांत येत होती.

"बारा तास हाच आवाज," ते म्हणाले. तक्रार नव्हती, माहिती होती. "परवापासून तिसऱ्या मशीनचा आवाज वेगळा येतोय. आधी सलग होता. आता मध्येच अडकतो, मग सुटतो."

"सांगितलंत कुणाला?"

"सांगितलं. ऑपरेटर बावीस वर्षांचा आहे, रेवाडीचा. चांगला आहे. म्हणाला, अंकल, आप गेट देखो."

"खरंच बिघडलंय?"

त्यांनी ऐकून बघितलं. डोकं एका बाजूला कललं, डोळे अर्धे मिटले. मीही ऐकू लागलो. मला काहीच वेगळं ऐकू येत नव्हतं.

"काय माहीत," ते म्हणाले. "मला कुठं येतंय त्यातलं."

उतारावर दिवे दिसले. त्यांनी दांडा वर केला आणि सलाम ठोकला. गाडीतला माणूस फोनवर बोलत होता. दांडा खाली आला. मला अजून काहीतरी बोलायचं होतं, पण मागे दुसरी गाडी होती, तिच्यामागे तिसरी.

"साहेब, तुम्ही इथं थांबू नका," संपतराव म्हणाले. "व्हिजिटरला अलाउड नाही. मला विचारतील."

मी उताराच्या कडेकडेनं, गाड्यांना वाट देत, वर निघालो.